वळशाचं शेपूट

"येतो मी," भावोजी म्हणाले, "पण चालणार शेवटीच. मला मधे घालणार असाल तर मी आपला घरी बरा."

ताई जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. तिच्यामागे पहिल्यांदाच वखारीची मंडळी वळशाला निघत होती, आणि भावोजींचं वय बघता यंदा त्यांना रांगेच्या मधे, गुडघेदुखीवाल्यांच्या आणि लेकुरवाळ्यांच्या सोबतीने चालवावं असं ठरत होतं. हा निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण वाईट बातमी गोड करून सांगायची कला माझ्यात नावालाही नाही हे सगळे जाणून आहेत. अशा कामाला अशीच माणसं लागतात.

"भावोजी, हट्ट कशाला?" मी म्हटलं. "मधे काय नि मागे काय, डोंगर तोच."

ते हसले. त्यांचं ते हसणं आमच्या घरात प्रसिद्ध होतं. भांडायला जावं तर हा माणूस हसायचा, कौतुक करावं तरी हसायचा. आमची आई म्हणायची, "जावई फार गुणाचा, पण या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो."

"बाकी काही मागत नाही मी," ते म्हणाले. "तेवढी शेवटची जागा राहू दे."

मी पुढाऱ्याला तसं कळवलं. पुढारी म्हणजे राजकारणातला नव्हे. हा वखारीच्या ट्रकचा ड्रायव्हर, भावोजींचा जुना दोस्त. वळशाला कायम सगळ्यांच्या पुढे चालायचा म्हणून पुढारी. आणि भावोजी कायम मागे, म्हणून त्यांना सगळे ‘शेपूट’ म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. पुढाऱ्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बरं. पण एवढं वर्ष बघू. काही गडबड झाली तर पुढच्या खेपेला मधे. मग माझ्यावर रुसायचं नाही." भावोजींची जागा राहणार की जाणार, हे त्या एका दिवसावर येऊन ठेपलं.

वळसा म्हणजे गावाबाहेरच्या डोंगरावरची पायवाट. लाकडी फाटकापासून सुरू होते, झाडीतून वर चढते, माथ्याच्या कडेकडेने जाते आणि डोंगराला वळसा घालून त्याच फाटकाशी परत येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. जिथून निघायचं तिथेच पोचायला अख्खा दिवस पाय मोडायचे. वखारीत वर्षभर झाडं चिरायची आणि वर्षातून एकदा जंगलात जाऊन उरलेल्या झाडांची विचारपूस करायची, असं माझी ताई म्हणायची.

वखार आता नाही. तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली आहे. पण डोळे मिटले की मला ती पत्र्याची शेड दिसते. मधोमध गोल पात्याची करवत, तिच्या तोंडाशी भावोजी, पलीकडे फळ्या ओढणारा गडी आणि घोट्यापर्यंत भुसा. ओंडका पात्याला लागला की असा आवाज उठायचा की दातांच्या मुळांपर्यंत जायचा. तिथे कोणी बोलायचं नाही. दोन बोटं दाखवली की जाड फळी, एक दाखवलं की पातळ, मूठ वळली की थांब. मी डबा द्यायला गेले की दारातूनच परत यायचे. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, कान हेच माझं पोट. ते त्या शेडमध्ये कशाला घालवू?

भावोजी संध्याकाळी घरी यायचे ते भुशाने माखून. वखारीमागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. जिना चढून गेलं की पुढची खोली, खिडकीशी त्यांची खुर्ची, पाठ भिंतीला. समोर ताईचं स्टूल. ताई ओल्या फडक्याचं टोक पिळून त्यांचे कान पुसायची आणि म्हणायची, "लोकांच्या डोक्यात भुसा असतो, माझ्या नवऱ्याच्या कानात आहे." आम्ही हसायचो. मी काही विचारलं की ताई तेच पुन्हा त्यांना विचारायची. "अहो, ती म्हणतेय, चहा ठेवू का?" मग ते हो म्हणायचे. मी ताईला म्हणायचे, "नवऱ्याला दुभाषी लागतो का गं तुझ्या?" ती म्हणायची, "तुझी भाषाच तशी आहे."

तर हे दोघे शेपूट झाले कसे, तो किस्सा मी इतक्यांदा ऐकला आहे की आता माझाच वाटतो. लग्नाचं पहिलं वर्ष. रांग पुढे निघाली, नवराबायको मागे रेंगाळली. नव्या जोडप्याला कोण घाई करणार? डोंगरावर एक तिठा आहे, तिथून एक वाट खाली ओढ्याकडे उतरते. पुढाऱ्याने तिठ्यावर थांबून हाक दिली, "सगळे आऽऽले का?" आणि झाडीतून ताईचा आवाज आला, "आलेच!"

पुढाऱ्याला वाटलं, आल्या. तो चालू लागला.

आपल्या भाषेत एवढ्याशा ‘च’ने केवढा घोळ होतो बघा. ‘आलो’ म्हणजे आलो. ‘आलोच’ म्हणजे अजून चपलासुद्धा घातलेल्या नाहीत. हे दोघे तिठ्यावर पोचले तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. त्यांनी खालचा फाटा धरला. दिवस कलायला लागला तेव्हा शोधायला गेलेल्या मंडळींना ते ओढ्याकाठी एका आडव्या खोडावर सापडले. उरलेलं एक संत्रं दोघांत सोलून खात बसले होते आणि कशाला तरी खदाखदा हसत होते. "हरवले कसले," पुढारी आयुष्यभर सांगत राहिला, "यांनी स्वतःला हरवून घेतलं होतं." पण त्याने कानाला खडा लावला आणि नियम केला. पुढून हाक आली की उत्तर फक्त शेवटच्या माणसाने द्यायचं. सगळे नजरेच्या टप्प्यात असले तरच द्यायचं. आणि ‘च’ लावायचा नाही. शेवटचा माणूस म्हणजे भावोजी. ज्याने घोळ केला त्यानेच निस्तरायचा.

तेव्हापासून दर वर्षी वळणावळणावर हाक उठायची, "सगळे आऽऽले का?" आणि सगळ्यांच्या मागून भावोजींचं खणखणीत "आलो!" झाडांतून ते असं वर यायचं की बरं वाटायचं. आपण सगळे आहोत, कोणी सुटलं नाही. आजही कुठे लग्नाला, बारशाला चार माणसं गोळा झाली की मला त्या "आलो"ची आठवण येते आणि जीव कासावीस होतो.

ताई त्यांच्या अगदी पुढे चालायची, गोगलगायीच्या चालीने. लहानपणी शाळेत धावायच्या शर्यतीत बक्षिसं मिळवणारी माझी बहीण लग्नानंतर अशी मंद कशी झाली, हे कोडं मला होतं. मी तिला तसं सुनवायचेही. "संसार मानवला तुला," म्हणायचे. ती नुसती पदर खोचून चालत राहायची.

तर त्या वर्षी आम्ही निघालो. सकाळची वेळ, फाटकाशी धुकं, नेचे दहिवराने भिजलेले. पुढारी पुढे, मधे बायकामुलं, वखारीतले लोक, आणि शेवटी भावोजी. त्यांच्या पुढची ताईची जागा मोकळी दिसायला लागली तेव्हा मीच तिथे जाऊन चालू लागले. कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या चढणीला आम्ही रडकी चढण म्हणायचो. ती संपल्यावर एका वळणावर मला आडोशाला जायची वेळ आली. चहा दोन कप घेतला की असं होतं. मी मागे न बघता हात हलवला आणि म्हटलं, "भावोजी, थांबा जरा. आलेच." आणि झुडपांत शिरले.

बाहेर आले तर वाट रिकामी.

मला खरंच वाटेना. चाळीसेक माणसं हाकणारा, कधी एक पोर मागे न ठेवणारा माणूस, आणि मला टाकून गेला? एवढ्यात वरून, लांबून, पुढाऱ्याची हाक आली, "सगळे आऽऽले का?" आणि त्यावर भावोजींचा आवाज, स्पष्ट, खणखणीत, "आलो!"

अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणता! मी इथे खाली उभी, आणि हे म्हणतात आलो! मी ओरडले, "भावोजीऽऽ!" एक्स्चेंजमध्ये माझा आवाज दोन खोल्या ओलांडून जायचा. पण वरून काही नाही. पुन्हा ओरडले. पुन्हा काही नाही. आमच्याकडे दुसरा नियम होता, मागे पडलेल्याने जागचं हलायचं नाही. म्हणून एका दगडावर बसले आणि काय काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव केली. चांगला साठा झाला होता.

बऱ्याच वेळाने वाटेवर दगड घरंगळल्याचा आवाज झाला आणि भावोजी धावत खाली आले. त्या वयात, त्या उतारावर, धावत. चेहरा पांढराफटक. मला बघितलं आणि झाडाला धरून उभेच राहिले.

"किती हाका मारल्या!" मी सुरू केलं. "घसा कोरडा पडला माझा! थांबा म्हटलं होतं ना मी? ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. "नाही येत."

‘ऐकू येत नाही का’ असं आपण दिवसातून दहा वेळा कोणाला ना कोणाला म्हणतो. त्याला कोणी उत्तर देत नसतं.

"समोर तोंड असलं की ओठांवरून कळतं," ते म्हणाले. "मागून, बाजूने काही नाही. करवतीने खाल्ले कान. फार वर्षं झाली. तुझ्या ताईशिवाय कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मालकांनी करवतीवरून काढलं असतं."

"आणि वळशाला? हाक आली की?"

"ती पुढे असायची ना. हाक आली की हात वर करायची. हात दिसला की मी मागे बघायचो, कोणी राहिलं नाही ना, आणि ओरडायचो. मघाशी तू हात हलवलास, मला वाटलं, पुढे व्हा, येते मागून, म्हणतेस. मग पुढचे सगळे थांबून मागे बघत होते, म्हटलं, हाक आली असणार. ओरडलो. आणि मग बघतो तर तू नाहीस. मेहुणबाई, मी आज खोटं बोललो. तू नव्हतीस आणि मी आलो म्हणालो."

माझ्या सगळ्या साठ्याचं पाणी झालं. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याचं ऐकायचा पगार घेतला, तिला स्वतःच्या बहिणीचा नवरा बहिरा आहे हे कळलं नव्हतं. माझे इतक्या वर्षांचे निम्मे टोमणे फुकट गेले होते, हेही तेव्हाच लक्षात आलं. आणि ताई! शर्यती जिंकणारी माझी ताई, त्यांना हात दिसावा म्हणून हळू चालत होती. मला रडूच आलं. भावोजींना वाटलं, मागे राहिल्याचं रडतेय. ते पुन्हा पुन्हा "चुकलं माझं" म्हणत राहिले.

जेवणाचा खडक आला तशी मंडळी विसावली. डबे उघडले, उकडलेले बटाटे आणि अंडी बाहेर आली. भावोजी मात्र बसले नाहीत. उभे राहून म्हणाले, "मला सगळ्यांना एक सांगायचंय."

मी त्यांची बाही ओढली. कशाला? मी काही कोणाला सांगणार नव्हते. पण ते थांबले नाहीत.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "ज्याला ऐकू येत नाही त्याने शेवटी चालू नये. आज मी माणूस मागे ठेवलं. आजपासून शेपूट मी नाही."

पलीकडच्या टोकाला बसलेला पुढारी कानामागे हात धरून ओरडला, "काय? काय म्हणतोय तो?"

"ऐकू येत नाही म्हणतायत!" कोणीतरी म्हणालं.

"कोणाला? मला?" पुढारी चपापला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

क्षणभर काही कळेना. मग पुढाऱ्याच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागली, आणि मग सगळं बाहेर आलं. ट्रकच्या इंजिनाने आणि त्याआधी शेडमधल्या कामाने पुढाऱ्याचेही कान केव्हाच गेले होते. तो हाक द्यायचा, पण उत्तर त्याला कधीच ऐकू यायचं नाही. तो मागे वळून बघायचा तो ताईचा हात. तो वर होऊन खाली आला की पुढे निघायचा.

"वहिनींचा हात खाली आला की मी समजायचो, सगळे आले," तो म्हणाला. "उत्तर कोण ऐकतंय!"

म्हणजे एवढी वर्षं, रांगेच्या या टोकाला एक बहिरा आणि त्या टोकाला दुसरा, एकमेकांना घसा ताणून हाका देत होते, आणि सगळी रांग चालत होती ती माझ्या बहिणीच्या एका हातावर. सगळ्या खडकावर हसू फुटलं. पोरं तर लोळली. भावोजीही हसले, डोळे पुसत हसले. मला वाटलं, ताई असती तर तिने दोघांना बघून तोंडावर पदर धरला असता.

"मग आता बाई हात करतील," पुढारी माझ्याकडे बघून म्हणाला. "बहीणच की."

"मी ताई नाही," मी फटकन म्हटलं. "तिची कामं मला वाटून देऊ नका." तोंडातून निघून गेलं.

शेवटी पुढाऱ्यानेच तोड काढली. "ये," तो भावोजींच्या समोर येऊन म्हणाला. "तू पुढं चल. पुढच्याला ऐकू यावं लागत नाही, वाट माहीत असली की झालं. मागं राहतो मी, माझ्या बायकोला घेऊन. तिचे कान शाबूत आहेत, तोंडसुद्धा." म्हणजे मधे नव्हे, तर चक्क पहिला नंबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावोजींची जागा गेली होती, पण मान राहिला होता. यापेक्षा चांगलं कोणी काय केलं असतं?

भावोजी पुढे झाले आणि चालू लागले. आणि काय सांगू! आम्ही धापा टाकायला लागलो. हा माणूस कधी हळू चालणारा नव्हताच. लांब टांगा टाकत, दगडावरून दगडावर पाय ठेवत असे सुटले की माथ्यावरच्या वाटेवर रांगेच्या चिंध्या झाल्या. "अहो, कोणी शेपटाला आवरा!" मागून पुढारी ओरडत होता. आवरणार कोण? ज्याला आवरायचं त्याला ऐकू येत नव्हतं.

मीच मागे लागले. शर्यत जिंकणारी ताई होती, मी नव्हे, पण रागाने माणूस धावतो. जिथून वाट माथा सोडून पुन्हा झाडीत उतरते, त्या वळणावर ते उभे असलेले दिसले. समोर बघत होते. मी वळसा घालून त्यांच्या तोंडासमोर गेले.

"दमलात?"

"नाही."

"मग?"

त्यांनी समोर हात केला. ऊन झाडांतून खाली आलं होतं, वाट छान मोकळी होती.

"पुढं कोणीच नाही गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी सगळ्यांसाठी मागं राहतो. लोकही तसंच म्हणायचे. खोटं होतं ते. मागं राहिलं की ती समोर दिसायची. वेणी, पिशवी, एक पाय जरा बाहेर टाकायची तो. दिवसभर दिसायची. घरी कुठं असं दिवसभर बघायला मिळतं बायकोला? आज रिकामी वाट बघितली आणि मला ती वाट चालवेना. म्हणून पळत होतो. लवकर संपावी म्हणून."

मागून मंडळींचे आवाज जवळ यायला लागले होते. मी पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि त्यांच्या पुढे झाले.

"सांगून ठेवते," मी म्हटलं, "ताईसारखं चालायला मला जमणार नाही."

काही उत्तर आलं नाही. मग लक्षात आलं, मी समोर बघून बोलले होते. मागे वळले आणि त्यांच्याकडे तोंड करून तेच पुन्हा म्हटलं.

"तुझ्यासारखीच चाल," भावोजी म्हणाले. "फक्त फार पुढं जाऊ नकोस."